उजवा कालवा रेकॉर्ड्स: दहा आवडते ट्रॅक्स

१ जानेवारी २०२५, बुधवार
नवी वही. कुणाला दाखवायची नाही.

मोठी बातमी. लिस्बनहून ईमेल आली. हाऊस म्युझिकचा, म्हणजे डान्सच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा, ब्लॉग आहे. सुरुवातच 'डिअर लेबल' अशी. म्हणजे त्यांना माझं लेबल माहीत आहे. छोट्या, स्वतंत्र लेबल्सकडून त्यांचे स्वतःचे दहा आवडते ट्रॅक्स मागवलेत. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायच्या. मुदत २८ फेब्रुवारी.

अडचण एकच. उजवा कालवा रेकॉर्ड्सचे एकूण ट्रॅक्स सात आहेत. म्हणजे अजून तीन करायचे आणि मग ते आवडून घ्यायचे. सात करायला आठ वर्षं लागली, पण तेव्हा अनुभव नव्हता.

संकल्प. संध्याकाळी सहा ते नऊ स्टुडिओ. त्या वेळात मोबाईल एअरप्लेन मोडवर. जगातला कुठलाही सिरियस प्रोड्यूसर फोन उचलत नाही. चहा दिवसाला दोन. रविवारी बाबांकडे.

२ जानेवारी
चहा पाच. थंडी फार आहे.

४ जानेवारी, शनिवार
लिस्टचा पहिला मसुदा.
'आवर्तन': कालव्याला पाणी सुटलं त्या दिवशीचा. २१२ प्लेज. त्यातले काही माझे. (टेस्टिंग करावंच लागतं.)
'मळी': राहुरी फॅक्टरीच्या वासावर केलेला. वास ऐकू येत नाही असं कल्याण म्हणतो. कल्याणचा लग्नातला डीजे आहे, त्याला हे कळणार नाही.
'मळी, उजवा कालवा रीमिक्स': रीमिक्स मीच केला.
'लोडशेडिंग': मध्ये चाळीस सेकंद पूर्ण शांतता. लाईट गेली होती. पुन्हा रेकॉर्ड करण्यापेक्षा ठेवली. आता तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.
बाकीचे तीन सकाळी. झोप येतेय.

५ जानेवारी, रविवार
उपासनेनंतर रूथताईकडे गेलो. बाबा ओट्यावर उन्हात बसले होते. त्यांनी पुन्हा घंटेचा विषय काढला.

इथे एकदा लिहून ठेवतो. बाबांनी एक्केचाळीस वर्षं आमच्या चर्चची घंटा वाजवली. कारखान्यातली नोकरी वेगळी, ही वेगळी. ही बिनपगारी. रविवारची घंटा कुणालाही वाजवता येते, आता भिमाजी वाजवतो. मयताची येत नाही. माणसाच्या वयाइतके ठोके द्यायचे. एक ठोका दिला की त्याचा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. मग दुसरा. शेतात असलेली माणसं हातातलं काम थांबवून मोजतात आणि कोण गेलं ते ओळखतात. भिमाजीला धीर धरवत नाही. गेल्या वर्षी त्याने साळवेबाईंचे चौऱ्याऐंशी ठोके असे दिले की लोक रविवारचे कपडे घालून आले.

बाबा म्हणाले, "जस्टिन, माज्यासाठी तू वाजव. एकोनऐंशी लागलंय मला. त्या भिमाजीला दोरी धरू दिऊ नगं. शिकून घे, तासाभराचं काम हाय."

हो म्हणालो. मार्चमध्ये नक्की. लिस्ट एकदा जाऊ दे.

९ जानेवारी, गुरुवार
ताईचा फोन, संकल्पाच्या वेळेच्या आधी पाच मिनिटं, म्हणून उचलला. बाबांना रात्री धाप लागते. शिवाय त्यांना घराची आठवण येते. मी म्हटलं, तुझं पण घरच आहे.

नोंद असावी म्हणून: बाबा दिवाळीपासून ताईकडे आहेत ते त्यांच्या मर्जीने. खोली रिकामी करा असं मी कधीही म्हणालो नाही. मी फक्त त्यांच्या खोलीच्या भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायला लागलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पिशवी भरली आणि म्हणाले, तुला जागा लागंल. ताईकडे उजेड जास्त आहे. ताई नर्स आहे, स्टीफन दाजी सज्जन आहेत. सगळ्यांच्याच सोयीचं झालं.

स्टुडिओत आवाज घुमत नाही आता. बाबांचा पलंग तेवढा तिथेच आहे. त्यावर कीबोर्ड छान बसतो.

१३ जानेवारी
काम शून्य. पण कल्पना सुचली. आठवा ट्रॅक: 'घंटा'. बाबांच्या मयताच्या ठोक्यावर डीप हाऊस. लिस्बनमध्ये असलं काही ऐकलेलं नसणार. शिवाय एका दगडात दोन पक्षी, बाबांची शिकवणीही होऊन जाईल. ठोका एकदा रेकॉर्ड झाला की शिकायचं काय राहिलं?

१९ जानेवारी, रविवार
ऐतिहासिक दिवस. दुपारी रेकॉर्डिंग.

पाळकसाहेबांनी चर्चची किल्ली दिली. बाबांना ताई स्कूटीवर घेऊन आली. चर्चच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. मी तेवढ्यात माईक लावून घेतला. वेळेचा सदुपयोग.

बाबांनी दोरी धरली आणि एकदम ताठ उभे राहिले. महिनाभर मी त्यांना तसं उभं बघितलं नव्हतं. पहिला ठोका दिला. मला वाटलं थांबले, विसरले. विसरले नव्हते. नाद विरत होता. मला तो संपला असं वाटून गेल्यावरही बराच वेळ ते मान तिरकी करून ऐकत होते. मग दुसरा. तिसऱ्यानंतर एकट्याने ओढवेना म्हणून ताईने दोरी धरली, तिच्या हातांवर त्यांनी आपले हात ठेवले. असे दहा-बारा ठोके झाले. ते तिला काहीबाही सांगत होते. मी रेकॉर्डिंगच्या लेव्हल्स बघत होतो, दोन वेळा रेड झाल्या.

शेवटी त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी म्हटलं, हो हो, झालं, कट.

टेक वन ओके. प्रोफेशनल काम.

२१ जानेवारी, मंगळवार
एडिटिंग. ताईच्या हातचे ठोके घेतले नाहीत, बाबांचा पहिला घेतला. तो लूपमध्ये टाकला. प्रॉब्लेम एकच. ठोक्याच्या आधी बाबा जोर लावताना 'हं' म्हणतात. आवाज लहान आहे, पण आहे. लूप केल्यावर दर ठोक्याला 'हं'. नॉईज रिडक्शन मारलं. राहिलाच.

लॅपटॉप भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग डिलीट केलं. शेवटी बाबांचं बोलणं होतं बारा सेकंद, ते आधीच कापलं होतं. बोलण्याचा ट्रॅकला उपयोग नाही. शिस्त असावी.

२६ जानेवारी, रविवार
आज जे झालं त्यात माझी चूक किती हा वादाचा मुद्दा आहे.

कल्याणचा टेम्पो झेंडावंदनाहून परत चालला होता. मी त्याला स्पीकरचा एक मोठा बॉक्स माझ्या गच्चीवर लावून मागितला, 'घंटा' मोठ्या आवाजात कशी वाटते बघायला. बीट बंद ठेवून नुसती घंटा लावली. बाबांच्याच वेगाने, मुद्दाम. कल्याण म्हणाला, "लई हळू हाय रं, याच्यावर कोन नाचंल?" मी समजावणार तेवढ्यात नळाला पाणी आलं. खाली जाऊन टाकी भरत बसलो. लूप चालू राहिला, टाकी भरेपर्यंत.

सगळ्या मंडळीने मोजलं. बनुबाईने सत्त्याहत्तर मोजले, गोजरबाईने ब्याऐंशी. एवढ्या वयाचा आमच्या चर्चमध्ये एकच माणूस. चाळीस माणसं ताईच्या दारात. पाळकसाहेब बायबल घेऊन. कुणीतरी हार आणलेला. बनुबाईने दारातच रडायला सुरुवात केली. आणि बाबा ओट्यावर पपई खात होते. म्हणाले, "या, या, सलाम. बसा."

ताईने चाळीस माणसांचा चहा केला. माझा कप त्यात नव्हता.

२७ जानेवारी
पाळकसाहेबांनी बोलावून सांगितलं. रागावले नाहीत, हळूच म्हणाले, "जस्टिन, त्या घंटेवर लोकांचा भरोसा आहे. तो गेला की घंटा नुसतं पितळ."

मान हलवली. पण तांत्रिक बाजूने पाहिलं तर चाळीस माणसांना माझं सॅम्पल आणि खरी घंटा यात फरक कळला नाही. अशी टेस्ट मोठ्या लेबल्सनाही परवडत नाही.

बाबा मात्र खूश. ताई सांगत होती, रात्री दोन घास जास्त जेवले. मला म्हणाले, "मेल्यावर दिसत न्हाई रे कोन कोन आलं ते. मी बघून घेतलं. कोंडाजी आला हुता. दहा वर्सं बोलत नव्हता माज्याशी." आणि मग, "कधी शिकतूस?"

रविवारी, म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. घसा दुखत होता. घंटा वाजवायला घसा लागत नाही असं ताई म्हणाली. नर्सेसना सहानुभूती कमी असते.
'घंटा'ची बेसलाइन झाली.

९ फेब्रुवारी, रविवार
नववा ट्रॅक निम्मा. नाव 'चिपाड'. रविवार असल्याचं दुपारी लक्षात आलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
बाबांना तीन दिवस दवाखान्यात ठेवून आज घरी आणलं. मला आजच कळलं. ताई म्हणते, रोज संध्याकाळी फोन केला. संध्याकाळी एअरप्लेन मोड असतो हे मी तिला जानेवारीतच सांगितलं होतं.

वाईट वाटलं. पण डॉक्टरांनी घरी सोडलं म्हणजे बरं आहे. बरं नसतं तर सोडलं असतं का?

(ताईला हे विचारलं. ती म्हणाली, कधी कधी म्हणूनच सोडतात. मला हे बोलणं नीट समजलं नाही. समजून घ्यायचं नाही असं ठरवलं. शुक्रवारपर्यंत 'चिपाड' संपवायचा आहे.)

१६ फेब्रुवारी, रविवार
बाबांना 'घंटा' ऐकवली. माझा चांगला हेडफोन त्यांच्या कानाला लावला. डोकं बारीक झालंय, हेडफोन घसरत होता. मी हाताने धरून बसलो. आता बीटसकट, मिनिटाला एकशेवीसच्या वेगाने. हाऊसला तेवढा लागतोच.

पूर्ण साडेसहा मिनिटं ऐकलं त्यांनी. एवढं शेवटपर्यंत अजून कुणीच ऐकलेलं नाही. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चांगलं हाय. पर लई घाई हाय रे. माणूस गेल्यावर कुठं पळायचंय त्याला?"

मी टेम्पोचं शास्त्र सांगायला लागलो. ते ऐकत होते की झोपले होते कळलं नाही. हात माझ्या मनगटावर होता. निघताना ताईने विचारलं, शिकून घेणार आहेस का, का मी बघू? म्हटलं, मीच. २८ तारीख गेली की पहिल्या रविवारी. २ मार्च. वहीत लिहून ठेवतो: २ मार्च. हा शब्द आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
नऊ झाले. एक राहिला. क्रमवारी अशी: १. आवर्तन. २. घंटा. नाही, १. घंटा. 'हं' पुन्हा काढून बघितला, चौथ्यांदा. तो गेला की ठोक्याची सुरुवातच जाते. ठेवावा लागणार. खाली लिहीन, 'ह्यूमन टच'.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी ९. पोट बिघडलं असं शाळेला कळवलं. कॉम्प्युटर लॅब एक दिवस माझ्याशिवाय चालेल. आज दहावा ट्रॅक करायचाच. एअरप्लेन मोड सकाळपासून. ताईचा रात्रीचा मेसेज होता: बाबा काही खात नाहीत, तुझं नाव घेतात, सकाळीच ये. संध्याकाळी जाणारच आहे. लिस्ट प्रिंट करून नेईन, पहिलं नाव दाखवेन. त्यांना बरं वाटेल.

१०.४५. मध्ये कुणीतरी दार वाजवल्यासारखं वाटलं. हेडफोन काढला नाही. किक ड्रम बसत होता.

११.२०. काय सांगू! पाणी प्यायला उठलो, हेडफोन काढला, तर बाहेर माझा ट्रॅक! घंटा! गावात कुणीतरी 'घंटा' लावलीय. कल्याणच असणार, त्याला मी फाइल दिली होती. नाचणार कोण म्हणत होता ना? खिडकीत उभा राहून ऐकलं. बीट काढलाय त्याने, टेम्पो फारच हळू केलाय. पण नाद काय सुंदर येतोय. आणि तो 'हं' अजिबात नाही. कसा काढला विचारलं पाहिजे. माझ्याच्याने निघाला नव्हता.

११.३०. अजून चालू. मोजायला लागलो, वीसपर्यंत मोजलं, तेवढ्यात बेसलाइन सुचली. आठ वर्षांत पहिल्यांदा गावाने माझं म्युझिक ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

१.१०. दहा झाले. लिस्ट लिस्बनला गेली. मुदतीच्या एक दिवस आधी. आता मोबाईल चालू करतो आणि बाबांकडे जातो.

१ मार्च, शनिवार
ताईच्या एकवीस मिस्ड कॉल्सचे मेसेज आले होते.

बाबा गुरुवारी सकाळी सव्वादहाला गेले. दार वाजवलं ते स्टीफन दाजींनी. पंधरा मिनिटं वाजवलं. मग ते दवाखान्याच्या कागदांसाठी गेले. ताईने बाबांना शेजारणीच्या हवाली केलं, पाळकसाहेबांकडून किल्ली घेतली आणि एकटी चर्चमध्ये गेली. एकोणऐंशी ठोके दिले. प्रत्येकाचा नाद विरू दिला. जवळजवळ अर्धा तास. तिच्या दोन्ही तळहातांना फोड आलेत.

आणि कुणीही आलं नाही.

बनुबाई शुक्रवारी माझे हात धरून रडत होत्या. "आमी सगळं मोजलं रे बाबा. पुरतं एकोनऐंशी. पर म्हनलं, जस्टिनचं गानं लागलंय. मागल्या बारीला फसलो हुतो." गोजरबाई तेच म्हणाल्या. कोंडाजी तेच म्हणाले. एक्केचाळीस वर्षं ज्याच्या ठोक्यावर हे सगळे हातातलं काम टाकून धावत आले, त्याच्या ठोक्याला जो तो आपापल्या कामात होता. मीसुद्धा. दाजी मोटरसायकलवर गल्लीगल्लीत सांगत फिरले तेव्हा माणसं जमली.

मी दीड वाजता पोचलो. हातात लिस्टची प्रिंट होती. ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "झाले एकोणऐंशी."

काल दफन झालं. पेटी चर्चमधून निघाली तेव्हा पाळकसाहेबांनी घंटेकडे बघितलं. भिमाजी पुढे झाला. मी त्याला बाजूला केलं, म्हटलं मी. दोरी धरली. पहिला ठोका दिला. लगेच दुसरा पडला. तिसराही. मला थांबता येत नाही. आठ वर्षं हात एकशेवीसवर चाललाय. लोक वळून बघायला लागले. ताई पेटीमागून आली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "थांब. विरू दे." तिच्या फोडांचं पाणी माझ्या हाताला लागलं. तिने धरलं तेवढा वेळ थांबलो. तिने सोडलं की पुन्हा घाई. शेवटी तिनेच दोरी घेतली आणि मी पेटीच्या मागून चाललो.

मला त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. तासाभराचं काम होतं.

२ मार्च, रविवार
आजचा दिवस वहीत लिहून ठेवला होता. शिकण्याचा.

ताईकडे गेलो. तिला विचारलं, त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या शेवटी बाबा मला काय म्हणाले होते? बारा सेकंदांचं होतं. मला आठवत नाही आणि फाइल मी डिलीट केलीय. तिला आठवत होतं. म्हणाली, "'जस्टिन, जमंल का रे तुला? का रूथला सांगू?' असं विचारलं त्यांनी. तू म्हणालास, हो हो, झालं, कट."

म्हणजे मला जमणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून तिचे हात धरून शिकवत होते. मी समोर उभा राहून लेव्हल्स बघत होतो.

घरी आलो. पलंगावरचा कीबोर्ड खाली ठेवला. भिंतीवरचे ट्रे काढायला घेतले, चार निघाले, बाकीचे घट्ट बसलेत. लिस्बनला पाठवलेली ईमेल परत आलीय, त्यांचा मेलबॉक्स भरलेला आहे, पोचली नाही, असं काहीतरी. पुन्हा पाठवली नाही.

घरात बाबांच्या आवाजाचं काही आहे का म्हणून सगळं शोधलं. मोबाईलमध्ये नाही, कॉल रेकॉर्ड होतात पण त्यांचे फोन मी उचलायचो नाही. लॅपटॉपमध्ये नाही. एकाच ठिकाणी आहे. बीट बंद केला, बेस बंद केला, वेग त्यांचा केला, आवाज एकदम लहान ठेवला, गल्लीत जाऊ नये म्हणून. मग पलंगावर आडवा झालो.

नवीन लिस्ट.

१. घंटा. प्रत्येक ठोक्याच्या आधी बाबा 'हं' म्हणतात. मी ते काढलं नाही.

खोटं आहे. चार वेळा काढायला गेलो. निघालं नाही.